बिटकॉइन वॉलेटचे बारा शब्द घरात लपवताना या चुका टाळा

मागच्या श्रावणात आमच्या देवघरामागची भिंत ओलावली. तिथंच गणपतीच्या तसबिरीमागं मी बिटकॉइन ठेवायच्या वॉलेट ॲपचे बारा शब्द लिहिलेला कागद खोचून ठेवला होता. फोन गेला तरी याच शब्दांवरून वॉलेट परत उघडता येतं. जेल पेनची शाई पसरली. अकरा शब्द वाचता आले, सातव्याची मात्र पहिली तीनच अक्षरं उरली होती. हे शब्द २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून कुठलाही शब्द नक्की ओळखता येतो. माझं चौथं अक्षरच गेलं होतं, म्हणून त्या तीन अक्षरांनी सुरू होणारे शब्द एकेक करून घालून पाहिले. तिसऱ्याला वॉलेट उघडलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरू नका. शेवटच्या शब्दात पडताळणीचा भाग असतो, त्यामुळे चुकीचा शब्द वॉलेट बहुतेक वेळा लगेच नाकारतं. कधी तो चालूनही जातो आणि रिकामं वॉलेट उघडतं. तेव्हा पैसे गेले असं धरू नका, शब्द आणि त्यांचा क्रम पुन्हा तपासा. 'वॉलेट परत मिळवून देतो' म्हणणाऱ्या कुणालाही शब्द सांगू नका. फसवणूक झालीच तर त्याच घटकेला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आपल्या खेड्यातल्या घरात मी चोरापेक्षा ओल, उधई आणि दिवाळीच्या आवराआवरीला जास्त भितो. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये अशाच आवराआवरीत कचऱ्यात गेली. तिच्यात हजारो बिटकॉइनची किल्ली होती.

काही जण डबा शेतात पुरतात. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खुणेचा दगड नांगरटीत कुठल्या कुठं जातो. कापूस भरलेली खोली आणि कुटाराचा ढीगही नको, तिथं एक ठिणगी पुरते. धान्याच्या कोठीचा धोका फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. किडीसाठी आपण ज्या विषारी गोळ्या ठेवतो, त्यांचा वायू तांबं खातो. हार्डवेअर वॉलेट (वॉलेटची किल्ली साठवणारं छोटं यंत्र) किंवा पेनड्राइव्ह तिथं ठेवला तर आतले जोड खराब होऊ शकतात.

कागदापेक्षा स्टीलची पट्टी बरी. भांड्यांवर नाव टाकायचं छोटं यंत्र मिळतं, त्यानं स्वतः कोरा. भांड्यांच्या दुकानात कोरून घेऊ नका, शब्द दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेले की ते तुमचे राहत नाहीत. जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) पत्रा चालणार नाही, आगीत तो ६६० अंशांना वितळतो. स्टील साधारण १४०० अंशांपर्यंत टिकतं. पट्टी भांड्यांत मात्र ठेवू नका, नाहीतर एखाद्या दिवशी घरचे जुन्या पातेल्यांबरोबर तीही मोडीत देतील.

शब्द इंग्रजी स्पेलिंगनंच लिहा आणि प्रत्येकापुढं क्रमांक टाका. मराठीत 'राइट' लिहून ठेवलं तर तो उजवा की लिहिणं हे नंतर कळत नाही, कारण यादीत दोन्ही आहेत. फोटो काढू नका. फोन आपोआप तो गुगल फोटोजवर चढवतो, आणि तोच फोन उद्या तालुक्याला दुरुस्तीला जातो.

अर्धे शब्द इथं, अर्धे सासुरवाडीला, ही युक्ती मला पटत नाही. एक अर्धं हरवलं की सगळंच गेलं. त्यापेक्षा पूर्ण प्रती दोन करा: एक घरी, दुसरी तालुक्याच्या बँकेतल्या लॉकरमध्ये.

आणि घरात कुणालातरी सांगा. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावता येतो, स्वतःच्या वॉलेटला येत नाही. माझ्या बायकोला शब्द पाठ नाहीत, पण पट्टी कुठं आहे, ती कुठल्या ॲपसाठी आहे आणि कुणालाही दाखवायची नाही, एवढं तिला माहीत आहे. पहिल्यांदा वॉलेटमध्ये दोनशे रुपयांचंच बिटकॉइन ठेवून आम्ही दोघांनी ॲप काढून टाकलं आणि पट्टीवरून तिनंच ते परत उघडलं. सातव्या शब्दाशी ती अडखळली, कारण माझं कोरलेलं 'ए' तिला 'ओ' वाटलं. ते अक्षर मी त्याच संध्याकाळी पुन्हा खोल कोरलं.