लांब केसांच्या मांजरीच्या पोटातील केसांचे गोळे: काय करावे, काय टाळावे

मांजरीच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक, टणक काटे असतात. त्यामुळे अंग चाटताना जिभेला अडकलेला केस तिला थुंकता येत नाही, तो गिळावाच लागतो. असे बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात आणि जे जठरात साठतात, त्यांचा गोळा अधूनमधून उलटीतून बाहेर पडतो. अन्ननलिकेतून दाबून आल्यामुळे तो लांबट असतो आणि प्रथमच पाहणाऱ्याला विष्ठेसारखा वाटतो.

कंगव्यात आलेला केस पोटात जात नाही, म्हणून पर्शियन मांजरीला रोज विंचरणे हाच सर्वांत भरवशाचा उपाय होय. आधी रुंद दातांचा धातूचा कंगवा केसांच्या वाढीच्या दिशेने फिरवावा, मग बारीक दातांच्या कंगव्याने आतली मऊ लव काढावी आणि शेवटी ओलसर हात फिरवून सुटे केस टिपून घ्यावेत. काखा, पोट, कानांची मागची बाजू आणि मागच्या मांड्या या जागी जटा लवकर होतात. जट मुळाशी धरून टोकाकडून हळूहळू सोडवावी. ती कात्रीने कापण्याचा मोह टाळावा, कारण मांजरीची त्वचा पातळ असते आणि जटेबरोबर ओढली जाऊन सहज कापली जाते. घट्ट बसलेली जट पशुवैद्याकडून मशीनने काढून घेणे बरे.

पाणी भरपूर मिळावे आणि कोरड्या खाद्याच्या जोडीला ओले खाद्यही असावे. उकडलेला लाल भोपळा चमचाभर मिसळता येतो. मात्र त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही नको. इसबगोल किंवा बाजारात मिळणारी माल्टची पेस्ट पशुवैद्याला विचारूनच द्यावी. घरगुती सल्ला म्हणून तोंडात तेल ओतण्याचा प्रकार तर धोक्याचाच आहे, कारण ते श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो.

मांजर सतत चाटत असेल, तर पिसवा, ॲलर्जी किंवा ताण हे कारण शोधावे लागते. वारंवार उबळ येऊनही काही बाहेर पडत नसेल, मांजर दिवसभर जेवली नसेल, शौचाला होत नसेल किंवा पोट दुखत असल्यासारखी दबून बसत असेल, तर आतड्यात अडथळा असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दम्याचा खोकलाही पुष्कळदा अशा उबळीसारखाच दिसतो, म्हणून त्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवल्यास डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.