पावसाळ्यानंतर शीडबोटीचं रिगिंग तपासायचं कसं आणि ताण बसवायचा कसा

पाऊस सरला की गोव्यात मांडवी नदीवर पुन्हा शिडं दिसायला लागतात आणि दरवर्षी बघतो, लोक हल (बोटीचं अंग) घासतात, अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा रंग) मारतात, इंजिनाचं ऑइल बदलतात आणि मास्टकडे (शिडाच्या उभ्या खांबाकडे) खालूनच एक नजर टाकून ठीक आहे म्हणतात. प्लीज असं करू नका. मास्ट स्वतःच्या ताकदीवर उभा नसतो, पुढून फोरस्टे, मागून बॅकस्टे आणि दोन्ही बाजूंनी श्राउड अशा वायरींनी (हेच रिगिंग) त्याला धरून ठेवलेलं असतं, आणि त्यातली एक जरी गेली तरी सगळं डेकवर येऊ शकतं, जिथं आपली माणसं बसलेली असतात.

२०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये (एकट्याने शिडावर जगप्रदक्षिणा) अभिलाष टॉमींच्या थुरिया बोटीचा मास्ट गेला, ती बोट गोव्यातच बांधलेली, पण तिथं दक्षिण हिंदी महासागरातलं वादळ होतं. आपल्याकडे त्यासाठी वादळ लागत नाही, दुपारचा नेहमीचा खारा वारा आणि निखळलेली एक स्प्लिट पिन (खीळ सुटू नये म्हणून घालतात ती दुमडलेली तार) एवढं पुरतं.

म्हणून सुरुवात खालून करा. वायर मधेच क्वचित तुटते, घोळ असतो तो टोकांना, म्हणजे खालचा स्वेज (वायरच्या टोकावर दाबून बसवलेली ती नळी), टर्नबकल (फिरवून वायरचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू), क्लेविस पिन (जोडणारी खीळ) आणि चेनप्लेट (वायर बोटीला धरणारी धातूची पट्टी). ३१६ स्टेनलेस आहे, गंजणार नाही असं समजून लोक निवांत असतात, पण स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा एक पातळ थर असतो तो त्याला वाचवतो, आणि तो थर टिकायला हवा लागते. खालच्या स्वेजचं तोंड वर असतं, वायरवरनं ओघळलेलं खारं पाणी त्यात मुरतं, आत हवा पोचत नाही आणि तो आतून खाल्ला जातो, बाहेरून मात्र चकाचक दिसतो. टर्नबकलवर इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळून ठेवतात त्याखाली पण हेच होतं, ती टेप आधी सोडा.

आता भिंग आणि टॉर्च घ्या, मोबाइलचा कॅमेरा झूम करून पण चालतो. स्वेजच्या तोंडाशी तांबूस रेघ दिसली तर गोड्या पाण्याने धुऊन पुसा. मुरगावच्या बाजूला बोट असेल तर खनिजाची धूळ बसून पण लाल डाग पडतात, ते पुसले की जातात आणि परत येत नाहीत. धुतल्यावर थोड्या दिवसांत त्याच जागी परत रेघ आली तर ती आतून येतेय. स्वेज उभा चिरलेला आहे का, केळ्यासारखा वाकलाय का ते बघा, चीर केसाएवढी असली तरी ती वायर गेली समजा. शंका असेल तर वेल्डिंगवाले वापरतात तो डाय पेनेट्रंटचा स्प्रे आणा, वेर्ण्याकडे इंडस्ट्रियल सामानाच्या दुकानात विचारून बघा. जागा साफ करायची, लाल डाय मारून डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, पुसून पांढरा डेव्हलपर मारायचा, चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

वायरवर उघडा हात फिरवू नका. जुन्या बनियनचा तुकडा घ्या आणि वरून खाली ओढत आणा, कुठं धागा अडकला तर तिथं तार तुटलीये. १×१९ वायरमधल्या १९ तारांपैकी एक जरी तुटली तरी ती वायर बदलायचीच, टेप लावून हा सीझन काढू हे नाही चालणार. आणि बोट नुसती नांगरावर असली तरी वायर थकते, बार्ज आणि फेरीच्या लाटांनी मास्ट दिवसभर हलत असतो. वायरींचं साधारण वय १० ते १५ वर्षं धरतात, आपल्या खाऱ्या दमट उकाड्यात मी तरी १० च धरेन.

चेनप्लेट डेकमधून खाली जिथं जाते ती जागा सगळ्यात वाईट, कारण दिसत नाही. आत केबिनमध्ये लाकडी पॅनेल काढून बघा, ओल किंवा डाग असेल तर चेनप्लेट बाहेर काढून तपासा, वरून सिलिकॉन भरून काही होत नाही. मास्टवर चढायचं असेल तर बोसन चेअर (माणसाला वर ओढायची बैठक) दोन वेगळ्या हॅलयार्डवर (शीड वर ओढायचे दोर), शॅकलवर (जोडणीची धातूची कडी) भरवसा न ठेवता गाठ मारून, आणि खाली विंचवर (दोर ओढायच्या चाकावर) फोनवर न बोलणारा माणूस. वर गेल्यावर स्प्रेडरची (मास्टच्या बाजूंचे आडवे दांडे) टोकं बघा, तिथं वायर निसटायला नको.

सगळं ठीक असेल तर ताण. हे बोट पाण्यात असताना आणि वारा नसताना करायचं, सकाळी लवकर. टर्नबकलचे थ्रेड साफ करून लॅनोलिन ग्रीस लावा, कोरड्या स्टेनलेसवर जोर दिला तर थ्रेड एकमेकांना असे पकडतात की शेवटी कापायलाच लागतं. मग मेन हॅलयार्डचं टोक एका चेनप्लेटला टेकवून लॉक करा, तेच दुसऱ्या बाजूला टेकतं का बघा, टेकलं तर मास्ट मधोमध आहे. बाहेरचे कॅप श्राउड (मास्टच्या टोकाकडे जाणारे) आधी, दोन्ही बाजूंना सारखे फेरे देत, मग खालचे लोअर (मास्टचा मधला भाग धरणारे). मास्टवरच्या शिडाच्या खाचेला डोळा लावून वर बघत रहा, रेघ सरळ दिसली पाहिजे.

ताण मोजायचं गेज नसेल तर २ मीटरची सरळ पट्टी घ्या. श्राउड हाताने घट्ट असताना पट्टीचं वरचं टोक वायरला टेपने पक्कं बांधा, खालचं टोक स्वेजच्या तोंडाशी बरोबर टेकलेलं हवं. आता टर्नबकल आवळा, वायर ताणली की खाली फट पडते. १×१९ वायरला दर १ मिमी फटीमागे वायरच्या ब्रेकिंग लोडच्या (ज्या भाराला ती तुटते त्याच्या) ५ टक्के ताण आला. कॅप श्राउडला ३ मिमी, म्हणजे १५ टक्के, इथून सुरुवात करा, २० च्या वर जाऊ नका. ५ मिमी वायर साधारण २ टनाची असते, म्हणजे तिच्यावर ३०० किलो आले, हे डोक्यात ठेवून पाना फिरवा.

मग बाहेर न्या, वाऱ्यावर बोट २० अंश कलली की वाऱ्याआडचा श्राउड ढिला लोंबकळायला नको. मास्टचं टोक वाऱ्याआड झुकत असेल तर कॅप आवळा, मधलं पोट तिकडे जात असेल तर लोअर. पण लोडवर असलेली बाजू फिरवायची नाही, टॅक करून (बोट वळवून वारा दुसऱ्या बाजूने घेऊन) ती मोकळी झाली की मग, आणि जेवढे फेरे एकीकडे तेवढेच दुसरीकडे.

शेवटी स्प्लिट पिना. जुन्या परत वाकवून वापरू नका, पाकिटाला काही फार पैसे पडत नाहीत. पाय थोडेच उघडायचे, आणि टेप लावायचीच असेल तर फक्त टोकांवर, टर्नबकलचं अंग उघडं राहू दे. नवीन वायर पहिल्या काही फेऱ्यांत थोडी बसते, त्यामुळे ताण परत बघायला लागतो, आणि प्रत्येक स्वेजचा फोटो तारखेसकट फोनमध्ये ठेवा, पुढच्या ऑक्टोबरला जुळवून बघायला उपयोगी पडेल.