सिक्वेन्सरच्या जोडीला छोटा सॅम्पलर घेताय? या चुका टाळा

सॅम्पलर म्हणजे आवाजाचे तुकडे (सॅम्पल) साठवून वाजवणारा डबा. तो घेताना बहुतेक जण आधी पॅड, म्हणजे बोटाने वाजवायची बटणं, मोजतात, मग इफेक्ट बघतात, दोन-चार व्हिडिओ बघितले की ऑर्डर टाकून मोकळे. पण तुमच्याकडे सिक्वेन्सर, म्हणजे कुठला आवाज कधी वाजवायचा हे सांगणारं मशिन, आधीच असेल ना, तर ते पॅड तुम्ही फारसे वाजवणारच नाही, वाजवणार आहे सिक्वेन्सर. मग बघायचं काय, तर हा डबा बाहेरून आलेला मिडी, म्हणजे मशिन्स एकमेकांना पाठवतात त्या सूचना, ऐकतो कसा. कुठल्या चॅनलवर, म्हणजे कुठल्या नंबरच्या वाटेवर, ऐकतो, कुठल्या नोटला काय वाजवतो, क्लॉक (टेम्पो जुळवणारी टिकटिक) घेतो का, स्टार्ट-स्टॉप घेतो का. हे सगळं मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर मिडी चार्टमध्ये असतं, गोल खूण म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही, आणि मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. पैसे द्यायच्या आधी ती दोन पानं वाचा, अगदी कळकळीने सांगतोय.

उदाहरण देतो. कॉर्गचा पहिला वोल्का सॅम्पल, २०१४ चा. त्यात १० पार्ट आहेत, एका पार्टला एक आवाज, आणि प्रत्येक पार्ट आपापल्या वेगळ्या मिडी चॅनलवर ऐकतो. आता आपल्या सिक्वेन्सरचा ड्रम ट्रॅक काय करतो, तर साधारणपणे एकाच चॅनलवर वेगवेगळ्या नोट पाठवतो, किकला एक, स्नेअरला एक. जोडलं की काय होणार, सगळ्या नोट मिळून एकच पार्ट वाजणार, आणि माणूस रात्रभर केबल बदलत बसणार! केबलचा काही दोष नसतो. याच्या उलट रोलंडच्या एसपी-४०४ च्या घराण्यात मूळ विचारच पॅडचा आहे, एक नोट म्हणजे एक पॅड, त्यामुळे त्याला सरळ सा रे ग म पाठवलं तर सूर चढत नाही, शेजारचं पॅड वाजतं. २०२१ च्या एसपी-४०४ एमके२ मध्ये क्रोमॅटिक, म्हणजे एकच सॅम्पल वेगवेगळ्या सुरांत, वाजवायची सोय आहे पण ती वेगळी लावावी लागते. एलेक्ट्रॉनच्या डिजिटॅक्टमध्ये प्रत्येक ट्रॅकला आपला चॅनल देता येतो, म्हणून सिक्वेन्सरवाल्यांना तो सोपा जातो. आधी ठरवा, तुम्हाला ठेका वाजवायचाय की एका सॅम्पलवरून चाल वाजवायचीय. दोन्हीला चांगला असा छोटा डबा शोधायला जरा वेळ द्यावा लागतो.

दुसरी चूक नावाला भुलायची. सॅम्पलर म्हटलं की रेकॉर्ड करत असेल असं आपण धरून चालतो. एलेक्ट्रॉनचा मॉडेल सॅम्पल्स, ६ ट्रॅक, दिसायला सुटसुटीत, पण त्यात आवाज आत घ्यायची सोयच नाही, कॉम्प्युटरवरून फाइल टाकायच्या. वोल्का सॅम्पलमध्येही रेकॉर्डिंग नाही. आणि टीनेज इंजिनिअरिंग कंपनीच्या पीओ-३३ या खिशात मावणाऱ्या सॅम्पलरमध्ये माइक आहे, ४० सेकंदांचं सॅम्पलिंग आहे, मजा येते, पण मिडी नाही, फक्त सिंक. म्हणजे टेम्पो जुळेल पण सिक्वेन्सर त्याचे आवाज वाजवू शकणार नाही. मेमरीचा आकडा सुद्धा सेकंदात करून बघा, १६ बिट ४८ किलोहर्ट्झ मोनोला सेकंदाला साधारण ९६ केबी लागतात, म्हणजे ६४ एमबीत अकरा-साडेअकरा मिनिटं. ठेक्याला रग्गड, पूर्ण गाण्याचे लांब तुकडे ठेवायचे तर कमी.

केबलचं थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे यूएसबी आहे म्हणून एकमेकांना जोडले की चालतील असं नाही, दोघांपैकी एक होस्ट, म्हणजे कॉम्प्युटरसारखा जोडणी सांभाळणारा, असावा लागतो, नाहीतर मध्ये कॉम्प्युटर किंवा होस्ट बॉक्स. आणि हेडफोनसारख्या साडेतीन एमएमच्या मिडी जॅकमध्ये टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार आहेत, २०१८ मध्ये ए हा स्टँडर्ड ठरला पण त्याआधीची बरीच मशिन्स बी ची आहेत. जुनं घेत असाल तर हे आधी विचारा. चुकीच्या केबलने मशिन जळत नाही, नुसतं गप्प बसतं.

आता जोडल्यानंतरची दुखणी. सगळ्यात जास्त फसवणारं म्हणजे गेट, म्हणजे सिक्वेन्सर नोट किती वेळ दाबून धरतो ते. मी घरी ढोलकी रेकॉर्ड केली होती, खर्जाच्या बाजूचा घुमारा छान लांब आला होता, पॅडवर बोट दाबून धरलं की पूर्ण ऐकू यायचा. सिक्वेन्सरवरून वाजवला तर नुसतं टक्, जणू पुडीवर कोणी हात ठेवलाय. मी सॅम्पल तीनदा परत कापलं, लेव्हल वाढवली, काही फरक नाही. मग हिशोब केला. १२० टेम्पोला सोळाव्या भागाची एक स्टेप १२५ मिलिसेकंदांची, गेट ५० टक्के म्हणजे नोट ६२ मिलिसेकंदांत सुटते, आणि माझा घुमारा होता अर्ध्या सेकंदाच्या वर. सॅम्पल गेट मोडमध्ये होतं, नोट सुटली की आवाज कापला जात होता. वन-शॉट केलं, म्हणजे नोट सुटली तरी सॅम्पल शेवटपर्यंत वाजतं, आणि ढोलकी परत ढोलकीसारखी वाजली. ठेक्याचे सगळे आवाज वन-शॉटवर ठेवा, गेट मोड लांब सूर किंवा लूपसाठी ठेवा.

प्रत्येक ठोका डबल ऐकू येतोय, जरासा पुढेमागे? मग बहुतेक सॅम्पलरच्या आतलं पॅटर्नही सिक्वेन्सरच्या स्टार्टवर सुरू होतंय. आतलं पॅटर्न रिकामं ठेवा किंवा स्टार्ट-स्टॉप घेणं बंद करा. टेम्पो भलताच पळतोय तर यूएसबी आणि मिडी दोन्हीकडून क्लॉक येतंय का बघा, एक बंद करा. आणि काहीच वाजत नसेल किंवा भलतंच पॅड वाजत असेल तर ऑक्टेव्ह (सप्तक) तपासा, कारण ६० नंबरच्या नोटला काही कंपन्या सी३ म्हणतात आणि काही सी४. नाव बघू नका, नंबर बघा. पहिलं पॅड बऱ्याच मशिन्सवर ३६ ला असतं, तिथून सुरुवात करा.

राहिला तो बारीक किर्रर्र आवाज, सगळं एकाच यूएसबी हबवर लावलं की येतो तो. सॅम्पलर खराब आहे असं समजून परत पाठवायच्या आधी बॅटरीवर चालवून बघा, एसपी-४०४ एमके२ ला डबल ए चे ६ सेल लागतात, टीनेज इंजिनिअरिंगच्या केओ टू सॅम्पलरला ट्रिपल ए चे ४. यूएसबी काढून सेलवर आवाज गेला तर मशिन ठीक आहे, ग्राउंडचा लूप होतोय, म्हणजे दोन मशिन्सचे ग्राउंड एकाहून जास्त तारांनी जोडले जाऊन त्यातून आवाज येतोय. त्याला वेगळा अॅडॉप्टर द्या, पण गिटार पेडलचा उचलून लावू नका, पेडलच्या पिनेत मधला भाग सहसा निगेटिव्ह असतो आणि बऱ्याच सॅम्पलरना पॉझिटिव्ह लागतो, मशिनच्या मागची खूण बघूनच लावा. आणि मिडी यूएसबीवरून न नेता पाच पिनी केबलने न्या, तिच्या इनपुटला ऑप्टोकप्लर असतो, म्हणजे दोन मशिन्समध्ये सिग्नल प्रकाशातून जातो, तारेने तार जोडली जात नाही, त्यामुळे त्या वाटेने लूप होत नाही.