बाळाच्या शस्त्रक्रियेचा दिवस: आदल्या रात्रीपासून घरी परतेपर्यंत

तान्ह्या बाळाची शस्त्रक्रिया ठरली की घरात डॉक्टरांची, रुग्णालयाची आणि खर्चाची चर्चा सुरू होते. परंतु त्या दिवशी आईवडिलांच्या हाती खरोखर जे असते, ते म्हणजे बाळाच्या शेवटच्या दुधाचा चोख हिशेब. आमच्या मुलाच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर माझे हे मत पक्के झाले आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

भूल दिल्यावर खोकण्या-गिळण्याच्या आपोआप होणाऱ्या क्रिया थांबतात आणि पोटात दूध शिल्लक असेल, तर ते उलटून फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. म्हणून सर्वसाधारणपणे भूल देण्याच्या ६ तास आधी वरचे दूध व खिमट, ४ तास आधी आईचे दूध आणि २ तास आधी साधे पाणी बंद करतात. आपल्या भूलतज्ज्ञांनी वेगळ्या वेळा सांगितल्या असतील, तर त्याच पाळाव्यात. सकाळी ८ ची वेळ मिळाली असेल, तर अंगावर पिणाऱ्या बाळाला पहाटे साडेतीनला उठवून पाजावे आणि ४ च्या आत पाजणे संपवावे. ‘झोपलंय तर झोपू दे’ असे म्हणून ही वेळ चुकवली, तर बाळाचा उपास विनाकारण लांबतो. या वेळा ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लावाव्यात आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजीला, कारणासह समजावून सांगाव्यात. चमचाभर घुटी किंवा ग्राइप वॉटर हेही पोटात गेलेलेच असते. नजरचुकीने काही दिले गेलेच, तर ते परिचारिकेला लगेच सांगावे. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाण्यापेक्षा ही गोष्ट लपवणे कितीतरी धोक्याचे आहे.

आदल्या दिवशी बाळाला सर्दी, खोकला किंवा ताप वाटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला कळवावे, कारण सर्दीत श्वसनमार्ग अधिक संवेदनशील असतो. नुकतीच लस दिली असेल, तर तिची तारीखही सांगावी. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर ही माहिती भूलतज्ज्ञांना आवर्जून द्यावी. अशा लहानग्यांचा श्वास भुलीनंतर मध्येच थांबण्याची शक्यता असल्याने त्यांना बहुधा रात्रभर देखरेखीखाली ठेवतात.

सकाळी आंघोळ घालताना काजळ आणि तीट पूर्ण पुसावी, पावडर लावू नये. वाळे, मनगट्या, कानातले, काळा दोरा आणि करदोरा घरीच काढावा. करदोऱ्याची गाठ महिनोन्महिने पाण्याने घट्ट झालेली असते आणि ती रुग्णालयात, भुकेने कळवळणाऱ्या बाळाला धरून सोडवणे अवघड जाते. आजीला दोरा काढणे अशुभ वाटत असेल, तर वाद न घालता तो तिच्याच पदराला बांधून द्यावा. आमच्याकडे हा तोडगा सर्वांना मानवला.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरून नवी मुंबईतल्या रुग्णालयात जायचे असेल, तर माजिवड्याची आणि पुढे कळवा-विटाव्याची कोंडी सुरू होण्याआधी निघावे. वेळेआधी पोहोचून बाहेर बसणे परवडते. वाहतुकीत अडकलेल्या उपाशी बाळाचे रडणे नाही.

रुग्णालयात शक्य असल्यास दोघांत कामे वाटून घ्यावीत. विम्याची कागदपत्रे, आगाऊ रक्कम आणि औषधे एकाने पाहावीत, आणि दुसऱ्याने बाळाशिवाय कशातही लक्ष घालू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील, तर रेशन कार्ड व आधार घेऊन आधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटावे. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे. संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. कोणत्या बाजूची शस्त्रक्रिया आहे, हे स्वतः मोठ्याने विचारून खात्री करून घ्यावी.

शस्त्रक्रियागृहाच्या दारात बाळ परिचारिकेच्या हाती देण्याचा क्षण कठीण असतो. आमच्या मुलाने माझ्या ओढणीचे टोक मुठीत धरले होते. परिचारिकेने एकेक बोट हळूच सोडवले आणि त्याला छातीशी घेतले. दार बंद झाल्यावर आईने आधी काहीतरी खावे, पाणी प्यावे आणि छाती दाटली असेल तर दूध काढावे. हे काम लाजून टाळू नये. परिचारिकेकडे आडोशाची जागा मागावी.

बाळ बाहेर आल्यावर काही वेळ ते असे रडते, की मांडीवर घेऊनही शांत होत नाही. भूल उतरताना असे होऊ शकते, आणि श्वासासाठी घशात घातलेल्या नळीमुळे आवाज घोगरा झालेला असू शकतो. वेदनाही असू शकते, म्हणून परिचारिकेला एकदा पाहायला सांगावे. सलाईनचा हात सांभाळून बाळाला त्वचेशी धरावे आणि परवानगी मिळाल्यावरच, थोडे थोडे पाजावे.

घरी निघण्यापूर्वी वेदनाशामकाचे प्रमाण बाळाच्या वजनानुसार किती मिलिलिटर, दोन मात्रांमध्ये किती तासांचे अंतर आणि जखमेला पाणी कधी लागू द्यायचे, हे लेखी घ्यावे. ताप, वारंवार उलट्या, जखमेतून रक्त किंवा पू, लघवी नेहमीपेक्षा खूप कमी होणे, यांपैकी काही दिसले तर रात्र असली तरी फोन करावा. बाळ उठवूनही जागे होत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर फोनवर वेळ न घालवता थेट जवळचे रुग्णालय गाठावे. तातडीचा क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये रुग्णालयातून निघण्याआधीच जतन करून ठेवावा.