बार्न क्विल्ट रंगवताय? या चुका टाळा

बार्न क्विल्ट म्हणजे कोठाराच्या भिंतीवर टांगायची रंगीत नक्षीची फळी. माझ्या पहिल्या बार्न क्विल्टवर रेघा सरळ याव्यात म्हणून लावलेली टेप मी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली, तर टेपबरोबर लाल रंगाची सालही सोलून आली. रात्रभर वाळला की रंग पक्का बसेल, असं वाटलं होतं. पण ॲक्रिलिक रंग वाळताना फळीवर आणि टेपवर मिळून एकच पापुद्रा धरतो. टेप ओढली की तो कुठेही फाटतो. म्हणून शेवटचा हात मारल्यावर, रंग ओलसर असतानाच टेप काढायची. सरळ वर ओढायची नाही, तिच्याच अंगावर दुमडत, हळूहळू.

इथे अमेरिकेत, ओहायो राज्यात गावाबाहेर पडलं की कोठारांच्या भिंतींवर हे मोठे चौकोन दिसतात. क्विल्ट म्हणजे गोधडीच, पण हा तिचा एकच ठोकळा, म्हणजे नक्षीचा एक चौकोन, लाकडावर रंगवलेला. आज दिसते ती चाल सुरू झाली २००१ साली, याच राज्यातल्या ॲडम्स काउंटीत. डोना सू ग्रोव्ह्ज यांना आपल्या आईसाठी, मॅक्सीनसाठी, कोठारावर असा ठोकळा रंगवायचा होता. आई उत्तम क्विल्ट शिवायची. गावकरी पुढे आले आणि एका कोठाराऐवजी रस्त्याने बघत जाता येईल अशी मालिकाच उभी राहिली. त्यातला पहिला ठोकळा ‘ओहायो स्टार’ हा ताऱ्याचा नमुना. शिकायलाही तोच घ्या.

आजीच्या गोधडीत एखादं ठिगळ वाकडं बसलं तरी शोभतं. इथे मात्र पाव इंच चुकला तरी ताऱ्याची टोकं जुळत नाहीत, आणि बहुतेक वेळा ही चूक ब्रश हातात घेण्याआधीच झालेली असते.

दोन फुटी फळी २४ इंचांचीच आहे, असं धरून चालू नका. मोठ्या प्लायवूडमधून कापताना करवतीचं पातं जवळजवळ एक अष्टमांश इंच खातं. फळी हातात आली की चारही बाजू मोजा, मग दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर फळी काटकोनात नाही. आखणी कडेवरून न करता मध्यबिंदूपासून करा. ओहायो स्टारला तीन गुणिले तीन घरं लागतात, म्हणजे २४ इंचांत ८ इंचांचं घर. भोवती दीड इंचाची किनार हवी असेल तर ती आधी वजा करा: उरले २१, घर ७ इंचांचं. मधलं आणि कोपऱ्यांतली चार घरं कोरी. बाजूच्या चार घरांत दोन-दोन कर्ण काढले की सोळा त्रिकोण मिळतात. ‘बेअर्स पॉ’सारख्या नमुन्याला सात गुणिले सात घरं लागतात; तो २४ इंचांत बसवण्याचा हट्ट धरू नका, २१ किंवा २८ घ्या. पेन्सिल हलक्या हाताने चालवा, पिवळ्याखालून गडद रेघ दिसत राहते.

लाकूड घेताना नावात फसू नका. एमडीओ हे पाट्या रंगवणारे वापरतात ते गुळगुळीत प्लायवूड, पावसात टिकणारं. एमडीएफ म्हणजे दाबलेला लाकडी तंतूंचा लगदा. पाणी लागलं की फुगतो. आणि एमडीओ घेतलं तरी कडा उघड्या ठेवू नका. पाणी शिरतं ते तिथूनच. कडांना आणि मागच्या बाजूलाही प्रायमरचे, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचे, दोन हात हवेतच.

आता टेपखालून झिरपणारा रंग. नवशिक्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि उपाय अगदी साधा आहे. टेप लावून तिची कड नखाने दाबत जा. मग खाली जो रंग आहे, समजा पांढरा, त्याचाच एक पातळ हात टेपच्या कडेवरून फिरवा. झिरपायचं ते पांढरंच झिरपेल आणि फट बुजेल. तो वाळला की वरून निळा. अशी रेघ कात्रीने कापल्यासारखी येते. ती पहिल्यांदा उघडी पडते तेव्हाचा आनंद मला आजही तेवढाच होतो. एकमेकांना चिकटलेले दोन त्रिकोण एकाच दिवशी रंगवू नका. हाताला कोरडा लागणारा रंगही आतून पुरता घट्ट व्हायला काही आठवडे घेतो, आणि त्यावर साधी टेप लावली तर रंग उचलला जातो. कमी चिकट टेप वापरा.

रंग निवडताना दुकानातल्या पट्ट्या शेजारी ठेवून फोनवर कृष्णधवल फोटो काढा. दोन रंग सारखेच करडे दिसले तर रस्त्यावरून ते एकच दिसणार. बारीक तुकड्यांच्या नमुन्याचंही तसंच, दुरून सगळं गढूळ होतं. लाल आणि पिवळा दोन हातांत भरत नाहीत, तीन-चार लागतात. लालखाली करडा प्रायमर दिला तर एखादा हात वाचतो.

वरून तेलावर आधारित पॉलियुरेथेन वार्निश मारायचा मोह आवरा. ते पिवळट पडतं आणि पांढऱ्यावर लगेच कळतं. त्याची गरजही नाही, बाहेरच्या भिंतींचा चांगला रंग उन्हासाठीच बनवलेला असतो.

टांगताना फळी भिंतीला घट्ट चिकटवू नका. मागे दोन उभ्या पट्ट्या ठोका, म्हणजे पाणी खाली निथळेल आणि वारा खेळता राहील.