जठराचा जिस्ट झाल्यावर: आजाराचे नेमके नाव आणि आपली माणसे कशी शोधावीत

पोटाचा कॅन्सर असल्याचे कळले की इंदूरच्या मराठी घरांत पहिल्या तासाभरातच कोणाच्या तरी मामांची किंवा शेजाऱ्यांची हकीकत निघते आणि ती बहुधा दुःखद असते. सात वर्षांपूर्वी रामबागेतल्या आमच्या घरातही तेच झाले. जठरात जिस्ट (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर) नावाची विरळा गाठ निघालेल्या प्रत्येकाला म्हणूनच मी आधी एवढेच सांगते, की ऐकलेल्या हकीकती ज्या आजाराच्या असतात तो आजार बहुतेक वेळा आपला नसतो. जठराचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरात सुरू होतो. जिस्ट मात्र भिंतीच्या आत, पचनमार्गाच्या हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या काहाल पेशींशी नाते असलेल्या पेशींमध्ये वाढतो. तो जठरात सर्वाधिक आढळतो, त्याखालोखाल लहान आतड्यात. नेहमीच्या केमोथेरपीचा त्यावर जवळजवळ उपयोग होत नाही, आणि ज्या गोळ्यांचा होतो त्या नेहमीच्या कॅन्सरच्या उपचारात नसतात. त्यामुळे आपल्या आजाराचे नेमके नाव हाती येईपर्यंत कोणाच्याही सल्ल्यावर पुढचे पाऊल टाकू नये, मग तो सल्ला कितीही मायेने दिलेला असो.

हे मी अनुभवावरून सांगते. माझ्या पहिल्या बायोप्सीच्या अहवालात केवळ ‘स्पिंडल सेल ट्यूमर’, म्हणजे लांबट पेशींची गाठ, एवढेच लिहिले होते. त्या तीन शब्दांवर विसंबून एका डॉक्टरांनी नेहमीची केमोथेरपी लगेच सुरू करण्याची तयारी दाखवली होती. माझ्या धाकट्या दिरांनी आग्रह धरला, की नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. तिथे गाठीच्या पेशींवरची प्रथिने तपासणाऱ्या सीडी-११७ आणि डॉग-१ या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या आणि जिस्ट हे नाव कागदावर आले. आपल्या अहवालात या दोन चाचण्यांचा उल्लेख आहे की नाही, हे आधी पाहावे. त्यानंतर गाठीचा आकार, पेशींच्या विभाजनाची संख्या म्हणजे माइटोटिक काउंट, गाठ नेमकी कुठे होती आणि ती शस्त्रक्रियेआधी किंवा दरम्यान फुटली होती का, या चार गोष्टी शोधाव्यात, कारण आजार परत येण्याचा धोका यांवरूनच ठरवला जातो.

आणखी एक तपासणी अनेकदा राहून जाते, ती म्हणजे जनुकीय बदलाची. बहुतेक रुग्णांमध्ये किट नावाच्या जनुकात बदल असतो, काहींमध्ये पीडीजीएफआरए या जनुकात, तर थोड्यांमध्ये दोन्हींत नसतो. किटच्या एक्झॉन ११ या भागात बदल असेल तर इमॅटिनिब ही गोळी चांगली लागू पडते. बदल एक्झॉन ९ मध्ये असेल आणि आजार पसरलेला असेल तर डॉक्टर अधिक मात्रेचा विचार करतात. पीडीजीएफआरएमधल्या डी८४२व्ही या बदलावर मात्र इमॅटिनिब चालत नाही. त्यासाठी अ‍ॅव्हाप्रिटिनिब हे वेगळे औषध आहे आणि त्याला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. ही तपासणी न करता वर्षभर गोळी घेणे म्हणजे कोणत्या कुलुपाची आहे हे न पाहता किल्ली फिरवत राहणे होय.

या तपासणीसाठी लागतो तो ‘ब्लॉक’. आपल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो. प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीवर बसवलेली, काडेपेटीहून लहान, पांढुरकी वडी, आणि तिच्या मधोमध करड्या रंगाचा नखाएवढा ठिपका. तो ठिपका म्हणजे आपला आजार. मी तो ब्लॉक कागदी पाकिटात घालून, पर्समध्ये छातीशी धरून अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला नेला, आणि रात्रभर पाकीट जागेवर असल्याची खात्री करत राहिले. ब्लॉक आणि गाठीचे पातळ काप बसवलेल्या काचेच्या पट्ट्या (स्लाइड) लेखी अर्ज देऊन मागता येतात. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरे मत घ्यायचे असेल तर त्या सोबत न्याव्यात, केवळ अहवालाच्या झेरॉक्सवर भागत नाही. उन्हाळ्यात प्रवास असेल तर मेण वितळू नये म्हणून ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात ठेवू नये.

प्रवासाच्या खर्चाची काळजी असेल, तर उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये पूर्ण सवलत मिळते आणि सोबतच्या एका व्यक्तीला त्याच डब्यांत ७५ टक्के. यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आरक्षण खिडकीवर दाखवावे लागते. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा. जागा मिळेलच असे गृहीत धरून निघू नये, आधी फोन करावा.

इमॅटिनिबची कथा प्रत्येक रुग्णाने जाणून घ्यावी असे मला वाटते, कारण तिच्यातून धीर मिळतो. २००० साली फिनलंडमध्ये जिस्ट पसरलेल्या एका महिलेला ही गोळी पहिल्यांदा देण्यात आली आणि तिच्या गाठी आक्रसल्या. तोवर शस्त्रक्रियेने न निघणाऱ्या जिस्टवर परिणामकारक औषध नव्हते. २००२ साली अमेरिकेत या औषधाला जिस्टसाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिव्हेकचा, म्हणजे इमॅटिनिबच्या मूळ कंपनीच्या गोळीचा, पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त जेनेरिक इमॅटिनिब उपलब्ध राहिली. गाठ काढल्यानंतर धोका जास्त असेल तर ही गोळी साधारणपणे ३ वर्षे दिली जाते. मलाही ३ वर्षे, दररोज ४०० मिलिग्रॅम. आजार पसरलेला असेल तर गोळी लागू पडत असेपर्यंत चालूच ठेवायची असते. फ्रान्समधल्या एका अभ्यासात, आजार आटोक्यात असताना गोळी थांबवलेल्या बहुतेक रुग्णांमध्ये तो पुन्हा वाढला होता. त्यामुळे ‘आता बरे वाटते आहे’ हे गोळी बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. ती लागू पडेनाशी झाली तर पुढे सुनिटिनिब, रेगोराफेनिब आणि रिप्रेटिनिब ही औषधे आहेत.

गोळी भरल्या पोटी, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. मी सकाळच्या पोह्यांनंतर घेत असे. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातले पपनस टाळावे, आणि काढे किंवा पुड्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. सकाळी पापण्या सुजतात, रात्री पोटऱ्यांत पेटके येतात, मळमळते, थकवा येतो. यांतले बरेचसे सोसण्याजोगे असते, पण श्वास लागणे, अंगावर मोठ्या प्रमाणात सूज येणे किंवा काळी शौचास होणे यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

ज्यांच्या जठराचा भाग काढला आहे त्यांनी दिवसात थोडे थोडे सहा वेळा खावे आणि जेवणासोबत भरपूर पाणी पिऊ नये. इंदूरकरांना सर्वांत जड जाते ती जिलबी. शस्त्रक्रियेनंतर मी पहिल्यांदा पोह्यांसोबत एक जिलबी खाल्ली, तर अर्ध्या तासात छाती धडधडू लागली, घाम फुटला आणि मी भिंतीला टेकून बसले. मला वाटले, आजार परतला. पुढच्या भेटीत कळले, की गोड पदार्थ जठरात न थांबता झपाट्याने आतड्यात उतरल्याने असे होते. बी-१२ आणि लोहाची पातळी मात्र नियमित तपासून घ्यावी, कारण ती हळूहळू, न कळत घटते.

आता सोबतीची माणसे. शहरातल्या ओळखीपाळखीत जिस्टचा दुसरा रुग्ण सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये, आजार तितका विरळा आहे. मला पहिली सोबतीण मुंबईत बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर भेटली. देवासच्या एक वहिनी समोर बसल्या होत्या आणि त्यांच्या पापण्या माझ्यासारख्याच सुजलेल्या होत्या. मी विचारले, “इमॅटिनिब का?” त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “पाच वर्षं झाली हो. सकाळी आरशात बघायचं नाही, अकरानंतर बघायचं.” त्या एका वाक्याने मला जितके हलके वाटले तितके महिन्याभरात कोणत्याच औषधाने वाटले नव्हते.

माणसे शोधायची तर आपल्या ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञांना, स्पष्ट विचारावे, की तुमच्याकडे जिस्टचा आणखी कोणी रुग्ण असेल तर त्याच्या परवानगीने माझा नंबर त्याला द्याल का. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागालाही हेच सांगून ठेवावे. ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा भारतातला रुग्णगट जिस्ट आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या दोन्ही आजारांच्या रुग्णांसाठी काम करतो. तो १९९७ साली स्थापन झालेल्या द मॅक्स फाउंडेशनशी जोडलेला आहे. रक्ताच्या त्या कॅन्सरचे रुग्णही इमॅटिनिब घेतात आणि त्यांची संख्या आपल्याहून बरीच जास्त असते. म्हणून पेटके, मळमळ, गोळीची वेळ, महिन्याचा खर्च यांबद्दल त्यांना खुशाल विचारावे. शस्त्रक्रिया, सीटी स्कॅन आणि आजार परतण्याची भीती यांबद्दल मात्र जिस्टच्याच माणसाशी बोलावे, कारण त्यांची तपासणी रक्तावर चालते आणि आपली स्कॅनवर.

स्कॅनच्या अहवालावर आमच्या इंदूर-देवास-उज्जैनच्या छोट्या गटात चर्चा करताना मी फार सावध असते. इमॅटिनिबमुळे गाठ आधी आतून मऊ पडते, ती लहान होण्यास वेळ लागतो आणि क्वचित सुरुवातीला थोडी मोठीही दिसते. नुसते सेंटिमीटर वाचून कोणी ‘वाढली’ म्हटले, तर समोरच्या माणसाची झोप उडते. म्हणून आमच्या बैठकीत अहवाल वाचून दाखवता येतो, पण त्याचा अर्थ कोणी लावत नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तेवढे आम्ही मिळून लिहून काढतो. कोणी कोणाला मात्रा कमी-जास्त करायला सांगत नाही. गोळ्या संपल्या आणि नवी पाकिटे पोचायला उशीर झाला, तर उसन्या घेण्याआधी डॉक्टरांना फोन केला जातो.

इंदूर, देवास आणि उज्जैन मिळून आज आम्ही सात जण आहोत, त्यांतले जिस्टचे तिघे. दर दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमतो. पहिला अर्धा तास रुग्णांचा असतो आणि त्यानंतरचा अर्धा तास घरच्यांचा, त्या वेळी रुग्ण दुसऱ्या खोलीत बसतात. माझे यजमान चार वर्षांत माझ्यासमोर कधी रडले नव्हते. त्या अर्ध्या तासात एकदा रडले, असे मला मागाहून कळले. नवा माणूस येणार असेल तर त्याला आदल्या दिवशी फोन करून दोन गोष्टी सांगतो: बायोप्सीचा मूळ अहवाल बरोबर आणा, आणि घरातल्या एकाला तरी घेऊन या.