'इन फ्लँडर्स फील्ड्स'चे चांदीचे नाणे: या चुका टाळा

कॅनडाच्या सैन्यातील डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र शहराजवळच्या आघाडीवर मे १९१५ मध्ये 'इन फ्लँडर्स फील्ड्स' ही कविता लिहिली. २ मे रोजी तोफगोळ्याने मारला गेलेला त्यांचा तरुण मित्र ॲलेक्सिस हेल्मर याच्या दफनानंतर ती सुचली असे मानले जाते. ब्रिटिश भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनचे सैनिकही ईप्रच्या त्याच लढाईत उतरले होते, म्हणून ही कविता आपल्याला अगदीच परकी नाही. तिच्या शताब्दीनिमित्त रॉयल कॅनेडियन मिंट या कॅनडाच्या टांकसाळीने २०१५ साली चांदीचे स्मारक नाणे काढले. ते हाती आल्यावर आपल्याकडे होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: आपण त्याला देव्हाऱ्यातल्या चांदीसारखे वागवतो.

सर्वांत मोठे नुकसान होते ते घासण्याने. निरांजन किंवा अत्तरदाणी काळवंडली की आपण टूथ पावडर, रांगोळी नाहीतर रिठ्याचे पाणी घेऊन बसतो आणि भांडे लख्ख होते. संग्राह्य नाणे बहुधा 'प्रूफ' प्रकारचे असते, म्हणजे त्याची पार्श्वभूमी आरशासारखी चकचकीत ठेवून चित्रे आणि अक्षरे धुरकट पांढरी ठेवलेली असतात. एका परिचितांनी असेच एक नाणे मऊ सुती कापडाने दोनदाच पुसले होते. साध्या डोळ्यांना ते पूर्वीइतकेच सुंदर दिसत होते. दहापट भिंगाखाली दिव्याच्या उजेडात तिरपे धरले, तेव्हा त्या आरशावर अर्धवर्तुळाकार बारीक ओरखड्यांचे जाळे उमटलेले दिसले. ९९.९९ टक्के शुद्ध चांदी दागिन्यांच्या चांदीपेक्षा मऊ असते आणि असे ओरखडे पुन्हा भरून येत नाहीत. नाणे कॅप्सूलमधून, म्हणजे त्याच्या पारदर्शक गोल डबीतून, काढू नये हेच उत्तम. काढावेच लागले, तर खाली जाड मऊ कापड अंथरून फक्त कडेने धरावे आणि त्याच्यावर तोंड करून बोलू नये, कारण थुंकीचे सूक्ष्म तुषारही कालांतराने डाग होऊन बसतात.

मग काळवंडलेल्या नाण्याचे काय करावे? बहुतेक वेळा काहीच करू नये. काळेपणा म्हणजे चांदीचा हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी झालेला संयोग. तो काढणारी द्रावणे चांदीचा वरचा थरही थोडा खातात आणि नाण्याची मूळ झळाळी मंदावते. जाणकार ग्राहक एकसारख्या हलक्या छटेचे नाणे घेतो, धुतलेले मात्र परत करतो. दुधाच्या थेंबासारखे पांढरे डाग दिसले, तर तो आपल्या हाताळणीचा दोष असेलच असे नाही. शुद्ध चांदीच्या नाण्यांवर ते टांकसाळीतल्या प्रक्रियेमुळेही येतात, आणि घासून जात नाहीत. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटाने सोडलेला हिरवट चिकट थर हा एकच अपवाद आहे, कारण तो धातूला खात जातो. त्यासाठी शुद्ध ॲसिटोन वापरतात. परंतु नाण्यावर कवितेतल्या लाल पॉपीचे (खसखशीच्या जातीचे) फूल रंगवलेले असेल, तर ॲसिटोनने तो रंगच उतरेल. असे नाणे जाणकाराकडेच न्यावे.

साठवणुकीत रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर आणि नव्या लाकडी कपाटाचा खण यांपासून नाणे दूर ठेवावे. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत हवाबंद डबीत सिलिका जेलची पुडी ठेवून ती पावसाळ्यात बदलत राहावे.

खरेदीतली चूक वेगळी असते. त्याच वर्षी कॅनडाने या कवितेच्या स्मरणार्थ २५ सेंटचे चलनी नाणेही काढले होते. ते पोलादाचे आहे आणि दुर्मीळ नाही, तरी अर्धवट माहिती देऊन ते चांदीचे म्हणून विकले जाऊ शकते. चुंबकाला चिकटले तर ते चांदीचे नाही हे नक्की; मात्र न चिकटणे हा शुद्धतेचा पुरावा नव्हे, कारण तांबे आणि पितळही चिकटत नाहीत. प्रमाणपत्रावरचे वजन व व्यास अचूक काट्यावर आणि कॅलिपरने पडताळावेत. सराफाच्या कसोटीवर नाणे घासू देऊ नये. पाण्यात बुडवून घनता काढण्याची पद्धत शास्त्रशुद्ध असली, तरी प्रूफ नाण्यावर पाण्याचे डाग राहतात. कॅरेटोमीटरने, म्हणजे सराफाकडच्या क्ष-किरणांनी शुद्धता मोजणाऱ्या यंत्राने, ओरखडा येत नाही, पण तो मुख्यतः पृष्ठभाग वाचतो, म्हणून त्याला वजनाची जोड हवीच. मूळ डबी आणि प्रमाणपत्र नसेल, तर किंमत चांदीच्या भावाच्या जवळ ठरवावी, कारण पुढे विकताना आपल्यालाही तेवढेच मिळेल.

शेवटची चूक कवितेच्या शब्दांवरून होते. पहिल्या ओळीत पॉपी 'ब्लो' होतात (फुलतात) की 'ग्रो' (उगवतात), याचा गोंधळ जुना आहे. ही कविता प्रथम प्रसिद्ध करणाऱ्या 'पंच' या ब्रिटिश साप्ताहिकात ८ डिसेंबर १९१५ रोजी 'ब्लो' छापले गेले. मॅक्रे यांच्या हातच्या एका प्रतीत 'ग्रो' आहे. २००१ सालच्या कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर 'ब्लो' पाहून अनेकांना ती छपाईची चूक वाटली होती, आणि नोटा परत घेतल्या जाणार अशी अफवाही पसरली होती. या ओळीसह कोणी 'चुकीचा ठसा, अतिदुर्मीळ' म्हणून नाणे किंवा नोट देऊ केली, तर त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.